टाके निघाले म्हणजे पोट आतून भरलं असं नसतंय

आमच्याकडं पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईचे दोनच टप्पे असतात. टाके निघेपर्यंत तिला खाटेवरून पाय खाली टेकवू देत नाहीत, पाण्याचा तांब्या सुद्धा हातात आणून देतात, आणि टाके निघाले की "आता काय, झालीस की बरी" म्हणून दुसऱ्या दिवशी हंडा तिच्या कमरेवर. अंडाशयातली गाठ, म्हणजे डॉक्टर सिस्ट म्हणतात ती, पोट उघडून काढली असेल तर हे दोन्ही नेमकं उलटं होतंय. हालायच्या दिवसांत झोपवून ठेवायचं आणि जपायच्या दिवसांत कामाला जुंपायचं.

आत काय झालेलं असतं ते बघू. ओटीपोटावरचा आडवा छेद, जो जर्मन डॉक्टर फॅनेनस्टील यांनी १९०० साली मांडला आणि आजही सिझरला सुद्धा तोच घेतात, त्यात आधी कातडी, मग चरबी, मग एक पांढरं चिवट आवरण, मग स्नायू आणि शेवटी पोटाच्या आतलं पातळ अस्तर असे थर लागतात. स्नायू सहसा कापत नाहीत, मधून दोन्हीकडं सारतात. पोटाचा खरा भार पेलतं ते चिवट आवरण, आणि ते कापून परत शिवलेलं असतं. गाठ लई मोठी असली किंवा कॅन्सरची शंका असली तर छेद उभा घेतात.

वरची कातडी एक-दोन दिवसांत चिकटते, आठ-दहा दिवसांत टाके काढतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं झालं. पण जखमेची ताकद तीन आठवड्यांनी मूळच्या २० टक्क्यांच्या आसपास असते, तीन महिन्यांनी ७०-८० टक्के, आणि पूर्ण १०० तर कधीच होत नाही. शरीर आधी घाईघाईत कच्चं कोलॅजन, म्हणजे जखम जोडणारे प्रोटीनचे धागे, भरतं आणि मग महिनोनमहिने ते काढून पक्कं बसवत राहतं. तोपर्यंत भार आतल्या हळू विरघळणाऱ्या धाग्यावर असतो. स्लॅब दुसऱ्या दिवशी वरून वाळलेला दिसतो तरी कोणी लगेच सेंट्रिंग काढत नाही ना, तसंच हे.

म्हणून डॉक्टर चार ते सहा आठवडे जड उचलू नका म्हणतात. आता मराठवाड्यात जड म्हणजे काय, तर पाणी. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो पाणी, वर हंड्याचं वजन वेगळं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं "आराम करा" एवढं सांगून भागत नाही, टँकर आला की पाणी कोण भरणार हे घरात ऑपरेशनच्या आधीच ठरलं पाहिजे, आणि माझ्या मते गोळ्या-औषधांइतकंच ते महत्त्वाचं आहे. कडेवर पोरगं घेणं, धुण्याचा पिळा, पिठाचा डबा हे पण त्यातच आलं. पोटातलं ते चिवट आवरण नीट भरलं नाही तर तिथून हर्निया होतो, म्हणजे आतडं बाहेर फुगून येतं, आणि मग परत ऑपरेशन.

पण जपणं म्हणजे पडून राहणं नाही. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच उठवून चालवतात, त्याला कारण आहे. पडून राहिलं की पायातल्या शिरांमध्ये रक्त साचून गाठ होऊ शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं. शिवाय पोटाला हात लागला की आतडं रुसतं, मोठं आतडं परत चालू व्हायला दोन-तीन दिवस घेतं, म्हणून तर राउंडला आल्यावर सिस्टर सगळ्यांसमोर "गॅस सरला का" असं विचारतात, लाजायचं काही नाही त्यात.

अमेरिकेत १८०९ साली ख्रिसमसच्या दिवशी डॉ. मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या बाईच्या अंडाशयाची सुमारे १० किलोची गाठ काढली, तेव्हा भूल नव्हतीच, ईथरची भूल १८४६ मध्ये आली. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होती! तिनं केलं म्हणून तुम्ही करा असं नाही, पण हिंडण्या-फिरण्यानं टाके तुटतात ही भीती काढून टाका. घरात, अंगणात, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चाला.

पोटातला दाब खरा वाढतो तो खोकल्यानं, शिंकेनं आणि संडासला कुंथण्यानं. खोकला आला की टाक्यावर उशी दाबून धरा. उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा आणि हातावर जोर देऊन उठा. काही दुखण्याच्या गोळ्यांनी आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तर डॉक्टरांकडून संडास मऊ करणारं औषध मागून घ्या.

खाण्याच्या बाबतीत आमच्या आज्या-मावश्यांनी लई छळलंय. भात खाल्ला की पू धरतो, आंबट खाल्लं की जखम चिघळते! पू जंतूंमुळं होतो, भातामुळं नाही. उलट कोलॅजन बनायला प्रोटीन आणि क जीवनसत्त्व लागतंच, म्हणून वरण, मुगाची खिचडी, अंडी, दही, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, वरून लिंबू पिळा. शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवा, जखम तिच्यामुळं रेंगाळते.

मे महिन्यातल्या उन्हात घाम ओटीपोटाच्या घडीत साचतो, तिथं ओलं राहू देऊ नका, हळद-तेल-राख काही लावू नका. परकराची नाडी काचते, त्यापेक्षा सैल गाऊन बरा. टाक्याभोवती बधिर वाटणं, खाज येणं महिनोनमहिने राहू शकतं, बारीक नसा कापल्या जातात त्यामुळं. मात्र १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यातून पू किंवा वास, पोट फुगून उलट्या आणि गॅस बंद, एका पोटरीला सूज, दम लागणं, यातलं काही झालं तर सकाळची एसटी बघत बसू नका, गाडी करून दवाखाना गाठा.

आणि एक, "पिशवी काढली" असं सगळ्यालाच म्हणायची पद्धत आहे. गाठ काढणं म्हणजे गर्भाशय काढणं नव्हे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली त्यात १३ हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणून आपलं नेमकं काय काढलं ते विचारायला संकोच नको. एक अंडाशय जरी राहिलं तरी पाळी येते, मूल होऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर काय काढलं, एक बाजू की दोन्ही, ते वाचून घ्या, आणि काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट पुढच्या तपासणीला जाताना सोबत न्या, गाठ साधी होती का चॉकलेट सिस्ट (जुनं काळपट रक्त साचलेली गाठ) होती का आणखी काही, ते त्याच्यातच कळतं आणि पुढची सोनोग्राफी कधी करायची ते त्यावरच ठरतं.