यादवी कशावरून पेटली?

‘अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून झालं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्याजोगा वाटतो, कारण उत्तरेच्या राज्यांनी सुरुवातीला शस्त्र उचललं ते देश एकसंध ठेवण्यासाठीच. पण देश फुटला कशावरून? फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांपैकी काहींनी कारणं लिहून ठेवलीत. ती नेटवर मिळतात, स्वतःच वाचा. मिसिसिपी सुरुवातीलाच सांगते : आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर उलटीच. उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांचा हक्क मात्र दक्षिणेला नको होता. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तमजुरीची पळवाट मात्र राहिली, आजही आहे.