स्नानसंस्काराची मुद्रा

कॅथलिक धर्मशास्त्रातील एक संकल्पना. स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) आत्म्यावर उमटणारी, कधीही न पुसणारी खूण. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याला श्रद्धेत बळकट करणारा संस्कार) व याजकदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) यांनीही अशी मुद्रा उमटते. म्हणून हे तीन संस्कार एका व्यक्तीला दुसऱ्यांदा देता येत नाहीत (धर्मसंहिता १९८३, कलम ८४५). घोर पापाने कृपा गमावता येते, बहिष्काराने संस्कारांचा लाभ तुटतो. पण देवाने आपले म्हटलेले माणूस परके होत नाही.

संकल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. कार्थेजचा बिशप सिप्रियन (तिसरे शतक) पाखंडी गटांतला बाप्तिस्मा निरर्थक मानी. आर्ल येथील धर्मसभेने (३१४) असा बाप्तिस्मा त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या) नावाने झाला असल्यास पुन्हा देऊ नये, असे ठरविले. पुढे डोनेटसपंथीयांशी (अपात्र धर्मगुरूने दिलेले संस्कार निष्फळ मानणाऱ्या उत्तर आफ्रिकेतील फुटीर गटाशी) वाद घालताना संत ऑगस्टीनने सैनिकाच्या अंगावरील खुणेचा दृष्टान्त दिला : पळालेला शिपाई परतला, तर त्याच्यावर ती नव्याने उमटवीत नाहीत. मेंढरांवरील खुणेचाही दाखला तो देतो; माण-जतकडच्या धनगराला तो वेगळा समजावून सांगायला नको. पूर्ण सिद्धान्त ऑगस्टीनमध्येच आहे, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्याचा रोख मुख्यतः बाह्य संस्कारावर दिसतो; आत्म्यातील मुद्रा ही मांडणी साधारणतः बाराव्या-तेराव्या शतकांत पक्की झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पोप तिसऱ्या इनोसंटच्या १२०१ च्या पत्रात ती आढळते; धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनसने तिला उपासनेत सहभागी होण्याची शक्ती म्हटले. फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५४७) येथील परिषदांनी तिला अधिकृत रूप दिले.

देवाने एकदा आपले म्हटले की ते कायमचे, याला ‘बिनशर्त स्वीकार’ म्हणतात; हा शब्दप्रयोग अलीकडचा. त्यातून पश्चात्ताप अनावश्यक ठरत नाही. पापनिवेदनाला येणारा माणूस मात्र घरचाच असतो, आणि या शिकवणुकीतला मोठा दिलासा तोच आहे. हा स्वीकार कमवावा लागत नाही : तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देतात तेव्हा त्याच्या पदरी कोणतेही पुण्यकर्म नसते.

सातारा-सांगली भागात प्रॉटेस्टंट मिशनांची परंपरा मोठी असल्याने बाप्तिस्मा पुन्हा द्यावा का, हा प्रश्न व्यवहारातला आहे. त्या मंडळ्यांत पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरते. कॅथलिक होताना तो पुन्हा देत नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ही भूमिका कॅथलिक शिकवणुकीहून भिन्न आहे. आपले कोणाला म्हणावे, ही तळमळ मात्र दोन्हीकडे आहे.

हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात (स्थापना १८८६) येतात. पाचगणी, मिरज अशा ठिकाणी शिक्षण-नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांची मूळ नोंद त्यांच्या गावच्या चर्चमध्येच राहते. इकडे लग्न लागले, तरी ते तिकडे कळवून स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे लिहिले जाते.