कोळशातले हवामान आणि ‘अमूर्त’चा घोळ

कोळशाच्या चित्राचा इतिहास गुहेतल्या माणसापासून सुरू करायची पद्धत आहे. ती इथे सोडून देऊ, कारण प्रश्न कोळशात काढलेल्या आभाळ-पावसाला ‘अमूर्त’ म्हणण्याचा आहे. पुढची कित्येक शतके कोळसा कच्च्या आखणीपुरता होता. पिसाने झटकला की निघून जाई, हाच त्याचा गुण. एकोणिसाव्या शतकात फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा द्राव, फवारून तो टिकवायची सोय झाली आणि फ्रान्समध्ये निव्वळ कोळशातली निसर्गचित्रे होऊ लागली. आकाशाकडे बारकाईने बघणे त्याआधीच सुरू झाले होते: ढगांचे प्रकार १८०२-०३ मध्ये लंडनमध्ये ठरले. १८२१-२२ मध्ये एक इंग्रज चित्रकार आकाशाच्या अभ्यासचित्रांमागे तारीख, वेळ आणि वारा टिपून ठेवत होता.

अमूर्ताकडे खरी उडी १९१५ ची. हॉलंडच्या एका चित्रकाराने समुद्र, धक्का आणि चांदण्यांचे आकाश कोळशात काढताना शेवटी उभ्या-आडव्या तुटक रेघाच उरू दिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनात शिकवणाऱ्या एका चित्रकर्तीने रंग बाजूला ठेवून कोळसा हातात घेतला आणि वळसे, उसळ्या, लाटांसारखे आकार काढले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ही चित्रे तिला न विचारताच भिंतीवर लागली. चर्चा मात्र त्या आगाऊपणाचीच जास्त होते, कोळशाची कमी.

आता ‘अमूर्त’, म्हणजे इंग्रजीतले ‘ॲब्स्ट्रॅक्ट’. त्या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात ‘ओढून काढणे’ आहे. म्हणजे आधी वादळ असते, धुके असते. चित्रकार त्यातले हवे तेवढे उचलतो. आपला ‘अमूर्त’ फक्त काय नाही ते सांगतो. ‘अप्रतिरूप’, म्हणजे कशाचेही प्रतिरूप नसलेले, म्हटले तरी नकार तोच. त्यामुळे भरून आलेल्या आभाळातून निघालेले चित्र आणि कशातूनच न निघालेली चौकोनांची रचना एकाच खणात जातात. आपल्याकडच्या एका थोर चित्रकाराला स्वतःच्या कामासाठी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द चालत नसे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न घेतलेले, म्हणा, असा त्यांचा आग्रह. त्यांच्यापुरते ते बरोबरच. पण पावसातून आलेल्या चित्राला तेच लेबल लावले की पाऊसच वगळला जातो.

कोळशात तर हे ‘ओढून काढणे’ अक्षरशः घडते. कांडी आडवी फिरवली की कागदाच्या दाण्यावर काळे बसते, खळगे पांढरे राहतात आणि झिमझिम आपोआप दिसते. अंगठा फिरवला की धुके. वीज मात्र खोडरबरानेच काढायची, काळ्यातून उजेड उचलून. वर फिक्सेटिव्ह मारले की फिकट छटा किंचित गडद होतात, म्हणून काहीजण धुके मुद्दाम एक छटा हलके ठेवतात.