सीडी-४ १४०० : आईला पुरेसा, बाळाला अपुरा

करोनापासून ‘इम्युनिटी बूस्टर’ काढ्यांचा आणि चूर्णांचा नुसता सुळसुळाट झालाय. त्यामागची समजूत अशी, की प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. जेवढी भरलेली तेवढी बरी. एचआयव्हीसह जगणाऱ्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते.

एचआयव्ही ज्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींवर घाला घालतो, त्या स्वतः फारसे जंतू मारत नाहीत. इतर पेशींना कामाला लावतात. पस्तिशीतल्या आईचा सीडी-४ (म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधली या पेशींची संख्या) १४०० आला तर डॉक्टर खूश होतील. तिच्या पाच महिन्यांच्या बाळाचा तोच आकडा आला तर ती धोक्याची घंटा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली ‘तीव्र कमतरते’ची सीमा वयानुसार ठरवली: पहिल्या वर्षात १५००, मग तिसऱ्या वाढदिवसापर्यंत ७५०, पाचव्यापर्यंत ३५० आणि पुढे २००. कारण निरोगी बाळात या पेशी मुळातच तीन हजारांच्या घरात असतात. त्या तयार करणारी, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तेव्हा जोरात चालू असते. म्हणूनच पाच वर्षांखाली नुसत्या संख्येपेक्षा एकूण लिम्फोसाइट्समधली (पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट) सीडी-४ची टक्केवारी जास्त भरवशाची. पहिल्या वर्षात ती २५च्या खाली गेली, की तीव्र कमतरता.

आणि पेशी असल्या तरी त्या नवख्या असतात. इथे माझा आवडता खलनायक येतो: न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत कुपोषित बाळं याच्या न्यूमोनियाने दगावत होती. बरीच वर्षं त्याला एकपेशीय प्राणी समजत. १९८८मध्ये जनुकांवरून कळलं की ही तर बुरशी! आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी लहानपणीच गाठ पडते आणि पत्ताही लागत नाही. सीडी-४ पेशी इशारा देतात, फुप्फुसातल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. इशाराच नीट पोचला नाही, तर बुरशी वायुकोशांच्या अस्तराला चिकटून वाढते, कोश फेसाळ द्रवाने भरतात आणि ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. तीन ते सहा महिन्यांचं बाळ, श्वास भराभर, ओठ निळसर, आणि स्टेथोस्कोप लावावा तर छाती जवळजवळ स्वच्छ. चकवतो तो इथेच.

बुरशी आहे, मग बुरशीचं औषध द्या? नाही. नेहमीची औषधं बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलवर काम करतात. हिच्या आवरणात ते नसतंच. चालतं ते स्वस्त, जुनं को-ट्रायमॉक्साझोल. आपण फोलेट हे जीवनसत्त्व मेथी-पालकातून आयतं घेतो, या बुरशीला ते स्वतः बनवावं लागतं. औषधातला सल्फा घटक डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज हे विकर (एन्झाइम) अडवतो, ट्रायमेथोप्रिम त्यापुढचं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. फोलेट नाही तर डीएनए नाही. (विकरांची नावं विसरलात तरी चालेल.)

याच औषधाने अनेक जिवाणूंनाही आळा बसतो. झांबियातल्या लुसाका इथे एचआयव्हीबाधित मुलांना ते रोज दिलं, तेव्हा मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले. २००४मध्ये हे प्रसिद्ध झालं. तिथले बरेच जिवाणू त्याला दाद देत नसूनही! अर्थात मूळ विषाणूला रोखते ती एआरटीच, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधांची उपचारपद्धती. दक्षिण आफ्रिकेत बारा आठवड्यांच्या आतल्या बाधित बाळांना, तब्येत चांगली दिसत असतानाच, ती सुरू केली. वाट पाहण्याच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले.

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईच्या बाळालाही खबरदारी म्हणून को-ट्रायमॉक्साझोल देतात. आता या आयांना पडणारा प्रश्न: बाळाची सहा आठवड्यांची चाचणी निगेटिव्ह आली, मग हे औषध बंद करायचं का? ही चाचणी अँटिबॉडीची नसते, कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. पण स्तनपान चालू असेपर्यंत संसर्गाची शक्यता उरतेच. त्यामुळे अंगावर पिणं थांबल्यानंतरची चाचणी निगेटिव्ह येऊन संसर्ग नसल्याची खात्री होईपर्यंत को-ट्रायमॉक्साझोल चालू ठेवायचं. ते बंद करायचं ते एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच.