डॅश सरकला, विमान तेच

१९४३ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या कार्टियरव्हिल इथे, कॅनेडियन व्हिकर्सच्या कारखान्यातून पाण्यावरही उतरू शकणारं एक कॅटलिना विमान बाहेर पडलं. कॅनडाचं हवाई दल या जातीला ‘कॅन्सो’ म्हणायचं. त्यांनी विमानावर ११००५ हा आकडा रंगवला आणि समुद्रावरच्या गस्तीला धाडलं. आज हेच विमान इंग्लंडमध्ये डक्सफर्डच्या धावपट्टीवर भेटतं, ते ‘जी-पीबीवायए’ या नावानं.

आधी त्याचं पोट बघू. कॅटलिनाचं पोट होडीसारखं आहे, आणि त्याखाली मध्येच एक आडवी पायरी आहे. ती कशाला? स्वयंपाकघरातला चमचा हलकेच उलटा धरा आणि त्याचा फुगीर भाग नळाच्या धारेला लावा. धार चमच्याला ढकलून देईल असं वाटतं. प्रत्यक्षात चमचा धारेत ओढला जातो. गोलाईवरून वळणारं पाणी तिला चिकटून बसतं. विमानाच्या पोटालाही पाणी असंच धरून ठेवतं. पायरीच्या टोकदार कडेवरून मात्र पाण्याला वळता येत नाही. ते तिथेच सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि वेग वाढला की विमान पाण्यातून मोकळं होतं. ही पायरी नसेल तर १२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं कितीही गर्जली तरी उड्डाण अवघडच.

पहिल्या कॅटलिना निव्वळ पाण्यातल्या होत्या. चाकांची उभयचर आवृत्ती १९३९ मध्ये उडाली. तिची मोठी चाकं दुमडून थेट पोटाच्या बाजूंना जाऊन बसतात, बाहेरून त्यांचे गोल दिसतात. पाण्यावर उतरताना ती चुकून बाहेर राहिली तर विमान पालथं व्हायची धास्ती, म्हणून वैमानिक चाकांची खात्री करून घेतो. (उभयचर विमान जवळून बघायचं तर गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात जा. आपल्या नौदलाचं शॉर्ट सीलँड तिथे आहे.)

आता नावाची गोष्ट. लष्करी क्रमांक फक्त लष्करापुरता. १९६१ मध्ये सेवा संपली आणि ११००५ गेला; नागरी नोंदणी झाली ‘सीएफ-एनजेएफ’. यातला ‘सीएफ’ कॅनडाचा. १९७४ पासून कॅनडानं ‘सी’ एवढंच देशचिन्ह ठेवलं आणि विमान ‘सी-एफएनजेएफ’ झालं. अक्षरं तीच, डॅश तेवढा एक घर मागे सरकला! त्या काळात हे विमान वणवे विझवत होतं, पोटात पाणी भरून जंगलावर ओतायचं.

२००४ मध्ये ते इंग्लंडला आलं. ब्रिटनचं चिन्ह ‘जी’. पुढची अक्षरं मालकांनी हौसेनं निवडलेली दिसतात, कारण अमेरिकी नौदलाच्या सांकेतिक भाषेत कॅटलिना म्हणजे पीबीवाय: ‘पीबी’ म्हणजे ‘पट्रोल बॉम्बर’, गस्ती बॉम्बफेकी विमान, आणि ‘वाय’ म्हणजे बनवणारी कन्सॉलिडेटेड कंपनी. उभयचर कॅटलिनाच्या नावात शेवटी ‘ए’ असतो, तोही इथे बसला.

आपल्या विमानांवरचं ‘व्हीटी’ म्हणजे ‘व्हॉइसरॉयचा टापू’ असं हमखास सांगितलं जातं. मला ते नंतर जुळवलेलं वाटतं. ‘व्ही’ने सुरू होणारी चिन्हं ब्रिटिश साम्राज्यातल्या कितीतरी प्रदेशांना मिळाली होती, ऑस्ट्रेलियाचं ‘व्हीएच’ अजून तसंच आहे. तिथे कुठला व्हॉइसरॉय?

ऑक्टोबर २०२० मध्ये जी-पीबीवायए स्कॉटलंडच्या लॉक नेस तलावात अडकलं. इंजिन सुरूच होईना. शेवटी क्रेनने उचलून काठावर घेतलं, आणि दुरुस्तीनंतर पुढच्या महिन्यात ते घरी परतलं.

आणखी एक गंमत. त्याच्या शेपटीवर रंगवलेला आकडा त्याचा नव्हेच. तो दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून बचावकार्याला जाणाऱ्या अमेरिकी ‘मिस पिक अप’चा आहे. ऐतिहासिक विमानांना असे जुने लष्करी रंग मिरवायची मुभा ब्रिटनमध्ये मिळते. नोंदणीच्या दफ्तरात मात्र ते जी-पीबीवायए, आणि कारखान्यानं दिलेला त्याचा अनुक्रमांक अजूनही सीव्ही-२८३.