खग्रास सूर्यग्रहणाचा प्रवास आणि ढगांचा हिशोब

पृथ्वीवरच्या एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने ३७५ वर्षांतून एकदा दिसते, आणि दिसले तरी खग्रास अवस्था साडेसात मिनिटांहून अधिक टिकत नाही. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांतच आटोपते. त्यामुळे ज्याला ते पाहायचे आहे त्याला चंद्राच्या सावलीच्या वाटेवर जाऊन उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. ही वाट कोणत्या गावावरून किती वाजून किती सेकंदांनी जाणार हे गणिताने अनेक दशके आधी सांगता येते, पण त्या क्षणी त्या गावावर ढग असेल की नाही, हे आठवडाभर आधीही छातीठोकपणे सांगता येत नाही. ग्रहणप्रवासाच्या नियोजनाचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा आहे.

सुरुवातीला मात्र पहिला प्रश्नच अवघड होता. ३ मे १७१५ रोजी इंग्लंडवरून जाणाऱ्या ग्रहणाचा नकाशा खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी आधी छापून प्रसिद्ध केला आणि लोकांना खग्रास अवस्थेचा कालावधी मोजून कळवण्याची विनंती केली. त्यांची वेळ सुमारे चार मिनिटांनी आणि सावलीच्या पट्ट्याची कड सुमारे ३० किलोमीटरनी चुकली, आणि त्या काळाच्या मानाने हे यश थोडे नव्हते. २७ ऑक्टोबर १७८० च्या ग्रहणासाठी हार्वर्डचे सॅम्युएल विल्यम्स अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना शत्रूची, म्हणजे ब्रिटिशांची, परवानगी मिळवून मेनमधील पेनॉब्स्कॉट उपसागरात गेले. आकाशाने साथ दिली, पण सूर्याची एक बारीक कोर शेवटपर्यंत झाकलीच गेली नाही, कारण त्यांनी निवडलेली जागा पट्ट्याच्या किंचित बाहेर होती. ढगाने फसवण्याआधी गणिताने आणि नकाशाने फसवण्याचा तो काळ होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गणित बरेच पक्के झाले आणि प्रवासामागचा हेतूही बदलला. १८४२ च्या ग्रहणात दक्षिण युरोपात जमलेल्या निरीक्षकांना सूर्याभोवतीचे प्रभामंडल आणि कडेवरच्या तांबड्या ज्वाळा यांनी थक्क केले. १८६० मध्ये स्पेनमध्ये घेतलेल्या छायाचित्रांवरून त्या ज्वाळा चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत हे स्पष्ट झाले. पुढे प्रकाश त्याच्या रंगांत, म्हणजे वर्णपटात, फोडून दाखवणारा वर्णपटदर्शक हाती आल्यावर ग्रहण ही प्रयोगशाळाच झाली, आणि प्रयोगशाळेसाठी पैसा, जहाजे व सरकारी मदत मिळू लागली. ग्रहणाची तारीख मात्र कोणाच्या सोयीने ठरत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण दीर्घ होते, पण ते भारतावर ऐन पावसाळ्यात आले. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि ब्रिटिशांची एक तुकडी गुंटूरला होती. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शल यांना पळत्या ढगांच्या फटींतून निरीक्षण करावे लागले. एकाच पट्ट्यावर ठिकठिकाणी तुकड्या ठेवण्याची पद्धत तेव्हा रूढ होत होती, आणि तिच्यामागचे कारण साधे होते : सगळ्यांवर एकाच वेळी ढग येण्याची शक्यता कमी.

जान्सेन यांचे पुढचे दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. डिसेंबर १८७० मध्ये पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना ते उपकरणे घेऊन फुग्यातून शहराबाहेर पडले आणि २२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी अल्जीरियातील ओरान येथे वेळेत पोहोचले. तेथे ढगांनी आकाश झाकले आणि सगळ्या खटाटोपावर पाणी पडले. त्याच ग्रहणासाठी सिसिलीला निघालेल्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या तुकडीचे जहाज किनाऱ्याजवळ खडकावर चढले, आणि लॉकियर यांना ढगांतून प्रभामंडलाचे ओझरते दर्शन तेवढे झाले. वर्षभराने, १२ डिसेंबर १८७१ रोजी, दोघेही दक्षिण भारतात होते, जान्सेन निलगिरीत आणि लॉकियर बेकलच्या किल्ल्यावर, आणि दोघांनाही आकाश मोकळे मिळाले. जान्सेन यांना प्रभामंडलाच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसल्या त्या याच वेळी. वेढा फोडून गेलेल्या माणसाला जे मिळाले नाही, ते पुढच्या वर्षी मोकळ्या आकाशाने सहज दिले.

ढगातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच्या वर जाणे. २९ जुलै १८७८ च्या ग्रहणासाठी सॅम्युएल लँगली आणि अमेरिकी हवामानशास्त्राचे एक प्रवर्तक क्लीव्हलँड ॲबे कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर गेले. वादळ, गारा आणि पाऊस यांनी तेथे त्यांचे हाल केले आणि विरळ हवेने आजारी पडलेल्या ॲबे यांना ग्रहणाच्या आधी खाली न्यावे लागले. ग्रहणाच्या दिवशी आकाश उघडले, आणि ॲबे यांनी डोंगराच्या खालच्या भागात जमिनीवर पडल्या पडल्या ते पाहिले. १९ ऑगस्ट १८८७ रोजी मॉस्कोजवळच्या क्लिन येथे रसायनशास्त्रज्ञ द्मित्री मेंडेलेयेव्ह यांनी याहून धाडसी उपाय केला. फुगा पावसाने भिजून जड झाला होता व दोघांना उचलेना, तेव्हा चालकाला खाली उतरवून ते एकटेच ढगांच्या वर गेले आणि सुखरूप उतरले. फुगा चालवण्याचा त्यांना अनुभव नव्हता हे लक्षात घेतले, तर या प्रसंगाचे अनुकरण कोणी करू नये, इतकेच म्हणता येईल.

स्थळ निवडताना हवामानाचा पद्धतशीर विचार सुरू होण्यास ९ ऑगस्ट १८९६ च्या ग्रहणाने मोठी चालना दिली, असे मला वाटते. नॉर्वेच्या उत्तर टोकाला वाद्सो येथे ब्रिटिश खगोलप्रेमींचा मोठा जथा जहाजाने गेला होता, आणि लॉकियर यांची तुकडीही त्याच परिसरात होती. ढगांनी सगळ्यांना निराश केले. तेथून पूर्वेला नोव्हाया झेमल्या या ओसाड बेटावर एका खासगी नौकेतून गेलेल्या छोट्या तुकडीला मात्र आकाश स्वच्छ मिळाले, आणि खग्रास अवस्थेच्या आरंभी क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाचे छायाचित्र घेता आले. जिथे पोहोचणे सोपे तिथे गर्दी आणि जिथे गर्दी तिथे आकाश चांगले असेलच असे नाही, हे त्या दिवशी उघड झाले. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण भारतावर कोरड्या ऋतूत आले. लॉकियर विजयदुर्गला, तर पुण्याचे कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी जेऊरला होती, आणि निरीक्षणे उत्तम झाली. विजयदुर्गच्या किल्ल्यावर लॉकियर यांनी हेलियम शोधला, ही समजूत अजूनही छापून येते. हेलियमची खूण असलेली वर्णपटातली पिवळी रेषा त्यांनी १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, पाहिली होती.

२८ मे १९०० च्या ग्रहणाआधी अमेरिकी हवामान खात्याने एक वेगळे पाऊल उचलले. पट्ट्यात येणाऱ्या ठिकाणी १८९७ ते १८९९ अशी लागोपाठ तीन वर्षे, ग्रहणाच्या तारखेच्या आसपास, ढगांच्या रोजच्या नोंदी घेण्यात आल्या, आणि त्यांवरून जॉर्जिया व अलाबामाचा अंतर्भाग अटलांटिक किनाऱ्यापेक्षा अधिक अनुकूल असल्याचे दिसून आले. सर्वांत दीर्घ खग्रास अवस्था कोठे, एवढेच विचारण्याऐवजी आकाश मोकळे राहण्याची शक्यता कोठे अधिक, हा प्रश्न आकड्यांनी विचारण्याची ही ठळक सुरुवात होय.

आकडे हाती आले तरी दिवस हाती येत नाही, हे पुढच्या दोन दशकांत दिसले. सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे तपासण्यासाठी १० ऑक्टोबर १९१२ रोजी ब्राझीलमध्ये गेलेल्या तुकड्या पावसात अडकल्या. २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी क्रिमियात गेलेले जर्मन खगोलशास्त्रज्ञ एर्विन फ्रॉइंडलिख महायुद्ध पेटल्याने रशियनांच्या ताब्यात सापडले, तर लिक वेधशाळेच्या विल्यम कँबेल यांना कीव्हजवळ ढगांनी गाठले आणि त्यांची उपकरणेही रशियातच अडकून पडली. गंमत अशी की तोवर आइन्स्टाइन यांनी वर्तवलेला प्रकाशाच्या वळणाचा आकडा त्यांच्याच पुढच्या सिद्धांतातील आकड्याच्या निम्मा होता; १९१४ ला आकाश निरभ्र असते आणि मापे नीट आली असती, तर ते चुकीचे ठरले असते. २९ मे १९१९ साठी ब्रिटिशांनी दोन खंडांत दोन तुकड्या पाठवल्या. पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आर्थर एडिंग्टन यांना सकाळी पाऊस आणि मग विरणारे ढग मिळाले. १६ छायाचित्रांपैकी जेमतेम दोन कामाची निघाली. ब्राझीलमधील सोब्राल येथे आकाश चांगले होते, पण मुख्य दुर्बिणीची प्रतिमा बिघडली आणि सोबत नेलेल्या लहान भिंगाने बाजू सावरली. पर्यायी जागा आणि पर्यायी साधन यांची किंमत यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल.

शास्त्रज्ञांपाठोपाठ सामान्य माणूसही निघाला. २९ जून १९२७ रोजी इंग्लंडमध्ये १७२४ नंतर प्रथमच खग्रास ग्रहण होते, कालावधी सुमारे २४ सेकंद. खास आगगाड्यांनी लोक उत्तरेकडे लोटले. बहुतेकांना ढग पाहून परतावे लागले, पण गिगल्सविक येथे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांच्या तुकडीसमोर ढग ऐन वेळी फाटले. रेल्वेने माणूस पट्ट्यात पोहोचत होता, पण गाडी थांबली की तो तिथेच बांधला जाई. हे बंधन समुद्रावर सुटले. जुलै १९७२ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये ऑलिंपिया हे प्रवासी जहाज खास ग्रहणासाठी नेण्यात आले, आणि ढगांतली मोकळी जागा शोधत जहाज हलवता येते हे प्रवासी कंपन्यांच्या ध्यानात आले. ३० जून १९७३ ला कॉन्कॉर्ड विमानाने तर सहारावरून सावलीबरोबर उडत ७४ मिनिटे खग्रास अवस्था टिकवली. जमिनीवर ती जास्तीत जास्त सात मिनिटांच्या किंचित वर होती.

उपग्रहांनी नोंदींचे स्वरूप पालटले. एका वेधशाळेतल्या माणसाच्या अंदाजाऐवजी त्या तारखेच्या आसपासचा अनेक वर्षांचा ढगाळपणा आता संपूर्ण पट्ट्यासाठी काढता येतो. कॅनडाचे हवामानतज्ज्ञ जे अँडरसन आणि नासाचे फ्रेड एस्पेनॅक यांच्या ग्रहणपत्रिकांमुळे ही माहिती १९९० च्या दशकात सामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचली. यातली सरासरी वाचताना भान ठेवावे लागते. डोंगराची वाऱ्याकडची बाजू ढगाळ आणि पलीकडची कोरडी असते. सूर्य क्षितिजाजवळ असला की विखुरलेले ढगही एकामागे एक येऊन भिंतीसारखे दिसतात. आणि जमीन तापल्याने उठणारे लहान ढग ग्रहणाच्या गारव्यात विरू शकतात, पण आघाडीबरोबर, म्हणजे उष्ण आणि थंड हवेच्या सीमेबरोबर, आलेला दाट थर विरत नाही.

११ जुलै १९९१ ला हवाई बेटाचा कोना किनारा कोरडा म्हणून निवडणाऱ्या अनेकांना ढगांनी फसवले, तर बाहा कॅलिफोर्नियात आकाश मोकळे होते. २२ जुलै २००९ चे ग्रहण शतकातले सर्वांत दीर्घ, कमाल ६ मिनिटे ३९ सेकंदांचे. पाटण्याजवळच्या तारेगना येथे जमलेल्या हजारो लोकांना ढगच दिसले, शांघायमध्ये पाऊस पडला, आणि वाराणसीत ग्रहण दिसले. ८ एप्रिल २०२४ ला तर सरासरीचे पान उलटेच झाले : चांगल्या मानलेल्या टेक्सासमध्ये ढग आणि वाईट मानलेल्या व्हरमाँट, मेन या भागांत स्वच्छ ऊन. मुक्काम टेक्सासमध्येच बांधून बसलेल्यांपेक्षा दोन-तीन दिवस आधीचे अंदाज पाहून वाट बदलणारे त्या दिवशी सुखी ठरले, पण टेक्सास धरून बसलेल्यांची निवड मूळच्या आकडेवारीमुळे चुकली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आकडेवारीने हवामानाचा स्वभाव सांगितला होता, त्या सोमवारचा बेत नव्हे.

१२ ऑगस्ट २०२६ च्या ग्रहणाचा पट्टा ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनवरून जातो, आणि त्याच्या नियोजनात या सगळ्या धड्यांची गाठ पडते. आइसलंडजवळ खग्रास अवस्था दोन मिनिटांहून थोडी अधिक आणि सूर्य बराच वर, पण आकाश बहुधा ढगाळ. स्पेनमध्ये उत्तर किनाऱ्यापेक्षा पर्वतांपलीकडचे पठार कोरडे, मात्र ग्रहण सूर्यास्ताच्या तोंडावर आल्याने पठारावर सूर्य सुमारे १० अंशांवर आणि भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर अवघ्या दोन-तीन अंशांवर असतो. ऐन वेळी गाडी काढून दुसरीकडे जायचे ठरवणाऱ्याला तिथे मोकळे आकाशच नव्हे, तर पश्चिमेकडचे मोकळे क्षितिजही शोधावे लागते. वर्षभराने, २ ऑगस्ट २०२७ ला, सावली दक्षिण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेवरून इजिप्तमध्ये लक्सरजवळ येते. तिथे ६ मिनिटे २० सेकंदांहून अधिक काळ खग्रास आणि ऑगस्टमध्ये ढगांची शक्यता जवळपास शून्य, त्यामुळे तिथे जाणाऱ्याने ढगांपेक्षा दुपारच्या उन्हाची तयारी अधिक करायची असते.