कातडं एकच, आवाज चार

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत आला. दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा चौकात एक बाई गरागरा नाचतेय, शेजारी एकजण डफासारखं वाद्य बेफाम वाजवतोय. खाली मजकूर : ‘इटलीत कोळ्याचं विष संगीताने उतरवतात. आता विज्ञानानेही मान्य केलं!’ आमच्या काकांनी लगेच हात जोडलेली चार चिन्हं टाकली.

विज्ञानाने असं काही मान्य केलेलं नाही. इटलीच्या सालेन्तो भागात शेतावर राबणाऱ्या बाया ‘तारांतुला चावला’ म्हणून झपाटल्यासारख्या व्हायच्या आणि वाजंत्री बोलावून त्यांना थकेपर्यंत नाचवलं जायचं, हे मात्र खरं. 1959 मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हा अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीतसंशोधक सोबत घेऊन तिथे गेला. त्याच्या लक्षात आलं की हे ‘विष’ बहुतेक बायकांनाच बाधतं आणि दरवर्षी उन्हाळ्यात, पुन्हा कोळी न चावताही, परत चढतं. गालातिना गावाला संत पॉलचं संरक्षण आहे म्हणून तिथल्या लोकांना ते बाधत नाही, अशीही समजूत होती. विषाला गावाची शीव कळत नाही. शिवाय तारांतुला ज्याला म्हणतात तो मोठा लांडगा-कोळी माणसाला फारसं काही करत नाही. आपल्याकडे बिनविषारी साप चावलेला माणूस मांत्रिकाच्या हातून ‘बरा’ होतो, त्यातलाच हा प्रकार. (साप चावला तर दवाखाना. वाद्य नंतर.)

पण व्हिडिओ मी तीनदा पाहिला, तो त्या वाद्यासाठी. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत पत्र्याच्या चकत्या. एवढ्याशा ऐवजातून घुमणारा ठेका, टणक ‘टक’ आणि झांजांची सळसळ एकदम कशी निघते? या छोट्या वाद्याला तांबुरेल्लो म्हणतात, मोठ्या भावंडाला ताम्मोर्रा.

ताम्मोर्राचं नाव निघालं की मला आल्फियो आन्तिको आठवतो. जन्म 1956, सिसिलीतल्या लेन्तिनीचा. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मेंढपाळ. वाजवण्याचे पहिले धडे घरात, आजीकडून. पुढे फ्लॉरेन्सच्या चौकात वाजवत असताना एउजेनियो बेन्नातोने त्याला ऐकलं आणि आपल्या ‘मुझिकानोव्हा’ या लोकसंगीताच्या चमूत घेतलं. तिथून लुचो दाल्ला, पेप्पे बार्रा अशा नामवंतांची साथ, नाटकांचं संगीत, स्वतःचे अल्बम. 2016 च्या ‘आन्तिको’ या अल्बममध्ये तर त्याचं कातडं इलेक्ट्रॉनिक आवाजांच्या शेजारी बसलंय आणि जराही बिचकलेलं नाही. वाद्यं तो स्वतः बनवतो, कड्यावर नक्षी कोरतो. त्याचा हात पाहिला की कळतं, तो कातड्यावर नुसता ‘जोरात’ किंवा ‘हळू’ मारत नाही. कुठे मारायचं, ते तो निवडतो. माझा जीव अडकलाय तो या ‘कुठे’मध्ये.

शाळेत आपण तारेची कंपनं शिकलो. तार अखंड हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत हलते, आणि त्यांच्या वारंवारता 1, 2, 3, 4 अशा सरळ पटीत येतात. म्हणून तंबोरा गोड लागतो. गोल कातड्याचं गणित इतकं सरळ नाही. त्याची हलण्याची सर्वांत साधी तऱ्हा म्हणजे अख्खं कातडं फुगणं आणि दबणं. दुसऱ्या तऱ्हेत एका व्यासावर कातडं स्थिर राहतं आणि दोन अर्धी सी-सॉसारखी वरखाली होतात. तिसरीत एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन व्यास स्थिर, चार पाकळ्या हलत्या. चौथीत कडेच्या आत एक गोल वर्तुळच स्थिर : आतलं वर गेलं की बाहेरचं खाली. या स्थिर रेषा म्हणजे निस्पंद रेषा.

घरी करून बघा. रुंद पातेल्यावर पातळ प्लॅस्टिक घट्ट ताणून बांधा, वर चिमूटभर रवा टाका आणि जवळ स्पीकर धरून सूर वरखाली करा. ठरावीक सुरांना रवा हलत्या जागा सोडून निस्पंद रेषांवर गोळा होतो.

आता वादकाची युक्ती. बरोबर मध्यात मारलं तर दुसरी तऱ्हा जागीच होत नाही, कारण तिची स्थिर रेषा मध्यातूनच जाते आणि स्थिर जागी ढोसून काही हलत नाही. तिसरीचंही तेच. उरतात फुगण्या-दबण्याच्या तऱ्हा. त्या हवेला जोरात ढकलतात, म्हणून ऊर्जा लवकर देऊन मोकळ्या होतात : भरीव, आखूड ‘धप्’. कडेजवळ मारलं की पाकळ्यांवाल्या तऱ्हा जाग्या होतात. त्यांत एक भाग हवा ढकलतो तेव्हा शेजारचा ओढतो, बाहेर कमी ऊर्जा जाते, म्हणून आवाज जास्त वेळ रेंगाळतो. आणि मारल्यावर एक बोट कातड्यावर टेकवून ठेवलं, तर त्या जागी हलणाऱ्या साऱ्या तऱ्हा मरतात आणि फक्त बोटाखालून निस्पंद रेषा जाणाऱ्या तऱ्हा उरतात. आन्तिकोची बोटं बेसेल फलनं सोडवत असतात, त्याला ती ठाऊक असोत वा नसोत.

बेसेल फलनं म्हणजे गोल कातड्याच्या समीकरणाची उत्तरं. ती जिथे शून्य होतात ते आकडे 2.405, 3.832, 5.136, 5.520 असे ओबडधोबड आहेत. पहिल्याने बाकीच्यांना भागलं की वारंवारतांचं गुणोत्तर मिळतं : 1, 1.59, 2.14, 2.30. (हे आदर्श कातड्याचं झालं. खऱ्या कातड्याला आजूबाजूची हवाही वागवावी लागते आणि त्या ओझ्याने खालच्या तऱ्हा आणखी खाली सरकतात. आकडेमोड नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) सरळ पट एकही नाही, म्हणून ताम्मोर्रातून पक्का सूर निघत नाही, नाद निघतो. तबल्याला ही अडचण नाही, कारण शाईचं वजन या तऱ्हांना जवळजवळ सरळ पटीत ओढून बसवतं. हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. तबल्याचं शास्त्र सांगताना ‘432 हर्ट्झने पेशी शुद्ध होतात’ छापाची वाक्यं लिहिणाऱ्यांनी त्याऐवजी हा निबंध वाचावा.

ताम्मोर्राची आणखी एक गंमत तिच्या उघड्या पाठीत आहे. कातडं पुढची हवा दाबतं त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. 100 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर आणि वाद्य जेमतेम 40 सेंटिमीटर रुंद, त्यामुळे पुढचा दाब कडेला वळसा घालून मागची तूट भरून काढतो आणि खर्ज जागीच बराचसा मारला जातो. लांब उभ्या श्रोत्याला म्हणून टकटक आणि झांजाच जास्त ऐकू येतात. खर्ज ऐकायचा तर कान कातड्याशी हवा. वाजवणाऱ्याचा असतोच. मायक्रोफोन आला आणि श्रोत्याचाही तिथे पोचला. मेंढपाळाचं वाद्य मोठ्या रंगमंचावर पोटभर घुमायला लागलं त्यात वादकाच्या गुणांइतकाच कातड्यापासून वीतभर अंतरावर लावलेल्या माइकचा हात आहे, असं माझं मत. शुद्ध लोकसंगीतवाल्यांना ते रुचणार नाही.

राहिला ताण. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सा वरून पंचमावर जायला ताण सव्वादोन पट हवा, वरच्या सा वर जायला चौपट. कातडं दमट हवेत पाणी पितं, सैल पडतं आणि आवाज बसतो. आपले हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात ती त्यासाठीच. मूळचा व्हेनिसचा आणि फ्रान्समध्ये स्थिरावलेला कार्लो रित्झो शेकण्यावर थांबला नाही. त्याने तांबुरेल्लोतच यंत्रणा बसवली : वाजवता वाजवता कातड्याचा ताण बदलता येतो, झांजा हव्या तेव्हा गप्प करता येतात. एका हातात मावणाऱ्या कड्यातून तो अख्ख्या ड्रमसेटचा भास उभा करतो. काकांना मी त्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘छान. यानेही विष उतरतं का?’